मुलाचा डबा, वडिलांचा स्कूप

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा 23 वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी तळजाईच्या टेकडीवर पळतो, संध्याकाळी जिम. ट्रेनरने त्याला अमिनो ॲसिडच्या पावडरीचा डबा घ्यायला लावला. ती प्यायल्यावर थोड्याच वेळात त्याच्या कानांना, गालांना मुंग्या येतात. पोटही बिघडतं. ट्रेनर म्हणतो, लागू पडतंय. याने किडनी खराब होईल का? अशक्तपणा वाटतो म्हणून मीही हल्ली सकाळी नाश्त्याऐवजी एक स्कूप घेतो. माझं वय 58. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू आहे, गेल्या वर्षी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. अधूनमधून अकराच्या सुमारास घाम फुटून हात थरथरतात. डब्यावर बीसीएए, बीटा-ॲलानिन आणि एल-आर्जिनिन लिहिलंय.
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : पत्र तुम्ही मुलासाठी लिहिलंत, पण मला घोर लागला तो तुमचा. तुमचा स्कूप आजपासून बंद.

अकरा वाजता घाम आणि थरथर, हे साखर उतरल्याचं लक्षण वाटतं. ग्लिमेपिराइड पोटात गेली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. म्हणून ती नाश्त्याबरोबर घ्यायची. तुम्ही नाश्ताच काढून टाकलात. पावडरीत पोहे-भाकरीसारखे कर्बोदकं नसतात, उलट बीसीएएमधलं ल्युसिन हे अमिनो ॲसिड इन्सुलिनला आणखी थोडं चाळवतं. पुन्हा असं झालं तर ग्लुकोमीटरवर बघा. 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा. मीटर हाताशी नसेल तर आधी साखर घ्या. गोळीचा डोस मात्र मनाने कमी करू नका, याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा.

दुसरी गोष्ट आर्जिनिनची. ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून ‘हृदयासाठी चांगलं’ असं सांगून खपवतात. अमेरिकेत अटॅक येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, औषध नसलेली खोटी पावडर (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यांचा डोस दिवसाला नऊ ग्रॅम होता, तुमच्या स्कूपमध्ये कमी असेल. तरी अटॅक येऊन गेलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये. शिवाय बीपीची गोळी चालू असेल तर चक्कर येऊ शकते, ते वेगळंच.

आता चिरंजीव. मुंग्या बीटा-ॲलानिनमुळे येतात. त्वचेतल्या संवेदना वाहणाऱ्या नसा त्याने चाळवतात, तासाभरात सगळं शांत होतं. त्यात अपाय नाही, आणि ‘लागू पडतंय’ याचा तो पुरावाही नाही. पोट बिघडतं कारण उपाशीपोटी घट्ट घोळ घेतला की आतड्यात पाणी खेचलं जातं. जेवणानंतर, अर्धा स्कूप, भरपूर पाण्यात घेतला तर बहुतेक त्रास जाईल. ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड उठत असतील तर आर्जिनिन त्यालाही टाळायला सांगा.

धडधाकट तरुणाची किडनी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाने सहसा बिघडत नाही. किडनी तपासायची ती तुमची : रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, मधुमेहात दर वर्षी. झालीय का?

खरं सांगायचं तर बीसीएए म्हणजे नऊ आवश्यक अमिनो ॲसिडांपैकी फक्त तीन. एका अंड्यात नऊही असतात, साधारण सहा ग्रॅम प्रथिनांसकट, आणि अंड्यासाठी ट्रेनर लागत नाही. 1600 मीटर पळणाऱ्या पोराला दोन-तीन अंडी, वाटीभर मोड आलेली मटकी, दही, रात्री सोयाबीनच्या वड्या एवढं रोज मिळालं तर पावडरीवाचून काही अडत नाही. तरी पैसे मोजलेत म्हणून डबा संपवायचाच असेल तर आधी त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर तो मुलानेही घेऊ नये.