हिरवा चहा, गवती चहा आणि ग्रीन टी

एका वाचकाने विचारले आहे की, 'ग्रीन टी'ला मराठीत 'हिरवा चहा' म्हणावे का आणि आपल्या परसातला गवती चहा म्हणजेच ग्रीन टी का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे. पहिल्याचे उत्तर मात्र विस्ताराने द्यावे लागते, कारण 'हिरवा चहा' आणि 'ओला चहा' ही नावे मराठीत गवती चहालाही आहेत. गुजरातीतील 'लीली चा', म्हणजे शब्दशः हिरवा चहा, हादेखील गवती चहाच.

गवती चहा हे खरोखरीच गवत आहे. त्याला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल या सुगंधी द्रव्यामुळे, आणि त्यात कॅफीन नसते. ग्रीन टी मात्र कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाच्या पानांपासून होतो, म्हणजे आपल्या रोजच्या चहाची पूड ज्या झुडपापासून होते त्याच झुडपापासून. दोहोंतला फरक प्रक्रियेचा आहे. खुडलेले पान सुकवून, चुरगळून हवेत ठेवले की त्यातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) ऑक्सिडीकरण होऊन ते काळे पडते; उलट खुडल्यावर लवकरच त्याला उष्णता दिली, तर विकर निष्क्रिय होतात आणि पान हिरवे राहते. चीनमध्ये ही उष्णता बहुधा कढईत परतून देतात, जपानमध्ये वाफेवर. चिनी भाषेतही या चहाला 'हिरवा चहा'च म्हणतात आणि पूर्ण ऑक्सिडीकरण झालेल्या चहाला 'लाल चहा'. आपण 'काळा चहा' म्हणतो तेव्हा पुष्कळदा केवळ बिनदुधाचा, कोरा चहा अभिप्रेत असतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

'चहा' आणि 'टी' हे दोन्ही शब्द मूळचे चिनीच आहेत. चीनच्या बहुतेक भागांत 'छा' हा उच्चार आहे, तर आग्नेय चीनमधील फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावर 'ते'. तेथून डच व्यापाऱ्यांमार्फत हा दुसरा उच्चार युरोपात पसरला.

नावांचा हा घोळ आरोग्याच्या सल्ल्यात अधिक महत्त्वाचा ठरतो. ग्रीन टीची आरोग्याशी सांगड जुनी आहे: जपानी भिक्षू एईसाई यांनी 1211 मध्ये चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथच लिहिला. आज या गुणांचे श्रेय मुख्यतः कॅटेचिन या द्रव्यांना दिले जाते. जपानमध्ये सुमारे 40,000 प्रौढांच्या दीर्घकालीन पाहणीत, जिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले, रोज पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. शिवाय अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. अर्काच्या गोळ्या ही तर वेगळीच बाब आहे. त्यांतून कॅटेचिनची मोठी मात्रा पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिला आहे. जेवणासोबत घेतलेल्या ग्रीन टीमुळे वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषणही घटते, म्हणून रक्तक्षय असलेल्यांनी तो जेवणापासून काही अंतराने घ्यावा. यातील एकही विधान गवती चहाला लावता येत नाही.

म्हणून माझे मत असे की, संदर्भ चहाच्या झुडपाचाच आहे हे स्पष्ट असेल तेथे 'हिरवा चहा' खुशाल लिहावे. पाककृतीत आणि औषधी सल्ल्यात मात्र 'ग्रीन टी' व 'गवती चहा' हीच नावे वापरावीत. 'ग्रीन टी'चे लिंग 'चहा'प्रमाणे पुल्लिंगी ठेवावे: 'ग्रीन टी घेतला', 'घेतली' नव्हे.