तिची गाणी आवडतात ना, मग तिला आधीच सांगून टाक

अगं, तुझा एवढा मोठा मेसेज दोनदा वाचला आणि त्यात तुझ्या स्वतःच्या गाण्यांबद्दल जेमतेम दोन ओळी, बाकी सगळं तीच, जिच्या आधी त्याच स्टेजवर तू अर्धा तास गाणारेस ती. ती कशी लिहिते, वरच्या स्वराला तिचा आवाज पातळ कसा होत नाही, एकही शब्द मात्रा भरायला म्हणून टाकलेला वाटत नाही वगैरे. वाचून बरंच वाटलं मला, कारण आपल्याच वयाच्या, आपल्यासारखंच लिहून गाणाऱ्या माणसाचं काम इतकं मनापासून आवडणं सगळ्यांना जमत नाही, बरेच जण कार्यक्रमाच्या आधी समोरच्याची खोट शोधत बसतात. पण शेवटी तू हळूच लिहिलंयस ना, की दोन गाण्यांची पट्टी वाढवलीय आणि ते जिन्यावरचं गाणं तर यादीतून काढूनच टाकलंय, तिथे मात्र मी अडले.

ते गाणं परत घे. बाकीचं नंतर.

काय होतं बघ, दिवसभर तिची रेकॉर्डिंग लूपवर लावून सोबत गुणगुणलं की गळा नकळत तिच्या पट्टीत बसायला लागतो आणि मग आपलंच गाणं आपल्याला खाली, फिकं वाटतं. पट्टी वाढवलेल्यांपैकी ते दुसरं गाणं तू गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दुसऱ्या पट्टीवर, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवायचीस, म्हणजे ऐकू यायचं ए, पेटीवाले पांढरी सहा म्हणतील ते. आता चौथ्या फ्रेटवर नेलंस म्हणजे थेट बी, अख्खा एक स्वर वर. घरी बसून जमेलही, पण स्टेजवर तोंड कोरडं पडलेलं असतं, श्वास आखूड झालेला असतो, तिथे ध्रुवपदाचा वरचा स्वर ओरडूनच लावावा लागेल. आणि त्या गाण्याची गंमत वर नाहीचे मुळी, पहिल्या अंतऱ्यात तू जवळजवळ बोलल्यासारखं गातेस त्यात आहे, पट्टी चढवली की नेमकं तेच जातं. कॅपो मुकाट्याने दोनवर आण. आणि शेवटचे तीन-चार दिवस तिचं काहीही ऐकू नकोस, नंतर ऐकायला अख्खं आयुष्य पडलंय.

आता तिला भेटण्याचं. तू म्हणतेयस कार्यक्रम झाल्यावर हिंमत करून बोलेन. नको, आधी बोल, दोन दिवस आधी मेसेज कर किंवा साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी माइक-स्पीकर तपासतात तिथे, भेटशील तेव्हा, कारण मनात कोंबून ठेवलेलं कौतुक नेमकं माइकसमोर भलत्याच रूपात बाहेर पडतं. फक्त 'मी तुझी खूप मोठी फॅन आहे' असलं काही नको, त्यावर ती बिचारी थँक्यू म्हणण्यापलीकडे काय करणार. मला लिहिलंयस तेच तिला सांग की, शेवटच्या अंतऱ्यात ती गिटार एकदम थांबवते आणि दोन ओळी नुसत्या आवाजावर सोडते, आणि ते ऐकून तू तुझ्या एका गाण्यातलं स्ट्रमिंग काढून टाकलंस. हे ऐकल्यावर ती तुला विचारेल कुठलं गाणं, आणि झालं, दोघी कामाचं बोलायला लागलात.

घाबरण्याचं म्हणशील तर मोठमोठ्यांचं झालंय. १९६७ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये गायिका ज्युडी कॉलिन्सने स्वतः गाणी लिहून गाणाऱ्या लेनर्ड कोहेनला स्टेजवर आणलं, त्याचं गाणं तिने आधीच रेकॉर्ड केलं होतं, तरी हा बाबा स्वतःचंच गाणं अर्धवट टाकून आत निघून गेला. तिने त्याला समजावून परत आणलं आणि सोबत उभं राहून ते पूर्ण केलं. सांगायचं इतकंच, की तुझ्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी तुझ्या पोटात काय चाललंय हे सगळ्यात जास्त तुझ्या या आवडत्या गाणारीलाच कळणारे, समोर बसलेल्यांना नाही, तर तिच्यापासून लपवत बसू नकोस.

साउंड चेक सहसा उलट्या क्रमाने होतो, शेवटी गाणारी आधी आणि पहिली गाणारी सगळ्यात शेवटी, म्हणजे तुझं सेटिंग तसंच राहतं आणि थेट सुरू करता येतं. त्यामुळे तुझ्या वाट्याला वेळ कमी येणार, चिडू नकोस, तिचा चेक चालू असताना हॉलमध्येच थांब आणि नुसतं ऐक, आवाज कुठे घुमतोय, मॉनिटर (गाणारीच्या तोंडाकडे लावलेला स्पीकर) किती वाढवला की शिट्टी मारतो, हे सगळं फुकटात कळतं. तारा दोन दिवस आधी बदल, आदल्या रात्री नको, नव्या तारा उतरत राहतात. पिकअपची (गिटारचा आवाज स्पीकरकडे पाठवतो तो) ९ व्होल्टची बॅटरी नवी टाक आणि गिटार खाली ठेवताना जॅक काढून ठेव, बहुतेक प्रीअँप (गिटारमधलं आवाज वाढवणारं सर्किट) जॅक आत असेपर्यंत चालूच राहतात आणि बॅटरी गुपचूप संपते. तारा सुरात लावायचा ट्यूनर क्लिपवाला घे, तो कंपनावर चालतो, बाजूला कितीही गोंगाट असला तरी अडत नाही.

स्टेजवरून तिच्याबद्दल बोल, जरूर बोल, पण एकच वाक्य आणि तेही शेवटच्या गाण्याच्या आधी. 'खरी गाणारी अजून यायचीये, तोवर मला सहन करा' हे मात्र चुकूनही नको हं. लोकांना त्यात नम्रपणा दिसत नाही, आपला अर्धा तास फुकट चाललाय असं वाटतं, आणि तिलाही उगाच ओशाळल्यासारखं होतं. अर्ध्या तासात बोलणं धरून सहा गाणी पुरे, सातवं ठेवलंस तर तिच्या वेळात घुसशील, आणि तिच्यावर खरंच प्रेम असेल तर वेळेत उतरणं हे सगळ्यात आधी.

तिचं गाणं सरप्राइज म्हणून गायचा विचार डोक्यातून काढ, तेच गाणं तिच्या यादीत असलं तर तिची पंचाईत. एकत्र गायचं असेल तर सरळ विचार, ती हो म्हणाली तर तिचं नको आणि तुझंही नको, दोघींना येतं असं तिसरंच घ्या, पट्टी आधी ठरवा आणि एकदा तरी समोरासमोर बसून म्हणून बघा, फोनवर ठरवलेलं स्टेजवर टिकत नाही.

तुझं झालं की गिटार बॅगेत टाकून मागे मेसेज वाचत बसू नकोस, पुढे येऊन बस आणि पूर्ण ऐक. व्हिडिओ एखाद्या गाण्याचा काढ, फार तर. इतके दिवस हेडफोनमधून ऐकतेयस, तीच लोकांसमोर गाताना कुठे थांबते, एखादा शब्द विसरली तर काय करते, हे रेकॉर्डिंगमध्ये कुठे मिळणारे.

बरं, नवी यादी मला आज रात्री पाठव. जिन्यावरचं गाणं पहिलं नको ठेवूस, तिसरं ठेव, आणि त्याच्या आधीचं ते लांबलचक संथ गाणं मला तिथे अजिबात पटत नाहीये, त्यावर आपण फोनवर भांडू.