सुई घालूनसुद्धा कळलं नाही, मग घातलीच कशाला?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी ४१ वर्षांची, फोंड्याला राहते. चवथीच्या तयारीत मंगळसूत्र घालताना गळ्याच्या उजव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत वगैरे काही नाही, टीएसएच पण नॉर्मल आलं. सोनोग्राफीत २.८ सेंटिमीटर, मग सुई घालून टेस्ट केली तर रिपोर्टात 'फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा ४' लिहिलंय आणि सर्जन म्हणतात अर्धी थायरॉइड काढल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही सांगता येणार नाही. हे काय उत्तर झालं? आणि मी भजनी मंडळात गाते, आवाजाचं काय? सासूबाई म्हणतात आगरातलं मीठ सोडून पाकिटातलं खायला लागलो म्हणून झालं.

उत्तर: ताई, आधी सासूबाई. मिठागरातल्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतंच, समुद्राचं असलं तरी, आणि आयोडीन कमी पडलं की थायरॉइड फुगते, म्हणून तर १९६२ पासून सरकारनं मिठात ते घालायला सुरुवात केली. त्यामुळे पाकिटावर आळ नको. आगरातलं मीठ लोणच्याला खुशाल वापरा.

आता गाठ. आरशासमोर मान थोडी वर करून पाण्याचा घोट घ्या, गाठ वर जाऊन खाली येईल, कारण थायरॉइड श्वासनळीला चिकटलेली असते. फुलपाखरासारखी, दोन पंख आणि मध्ये पट्टी, सगळी मिळून वजन जेमतेम २०-२५ ग्रॅम. आत बारीक बारीक पिशव्या, त्यांना फॉलिकल म्हणतात, त्यात हार्मोनचा कच्चा माल साठवलेला. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीनं थायरॉइडला पाठवलेला निरोप, 'कामाला लाग' असा. ग्रंथी काम नीट करते का एवढंच त्यात कळतं, गाठ कसली आहे ते नाही. बहुतेक थायरॉइड कॅन्सरमध्ये तो नॉर्मलच असतो, म्हणून त्या रिपोर्टावर निश्चिंतही होऊ नका आणि घाबरूही नका.

सुईचं म्हणाल तर सुईनं बरंच कळतं. सगळ्यात जास्त आढळणारा पॅपिलरी कॅन्सर सुईतच ओळखता येतो कारण त्याच्या पेशींची केंद्रकंच वेगळी दिसतात, काचेसारखी फिकट, मध्ये खाच पडलेली. तुमच्या गाठीचा प्रकार वेगळा. फॉलिक्युलर गाठ साधी असो की कॅन्सरची, पेशी दिसतात अगदी एकसारख्या. फरक फक्त सालीत, म्हणजे गाठीभोवतीचं कवच फोडून किंवा रक्तवाहिनीत शिरून पेशी बाहेर पडल्यात का, यात. मानकुरादात सुई खुपसून गर चाखला तर आंबा गोड की आंबट ते कळेल, साल कुठे फुटलीय ते कसं कळणार? पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे पेशी तपासणाऱ्या डॉक्टरांना, अख्खी साल गोल फिरून कापून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते, आणि त्यासाठी काढलेली गाठ हातात असावी लागते. ऑपरेशन चालू असताना घाईत केलेल्या तपासणीतही हे नीट कळत नाही, रिपोर्टला आठवडा लागतो तो यामुळेच. सर्जन टाळाटाळ करत नाहीयेत, तेवढं खरंच कळत नाही.

बेथेस्डा म्हणजे सुईच्या रिपोर्टाची १ ते ६ अशी प्रतवारी. त्यातल्या ४ मध्ये तीन-चार जणींमागे एखादीचा कॅन्सर निघतो, बाकीच्यांची ॲडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ. निघालाच तर हा प्रकार रक्तातून फुप्फुसात किंवा हाडात जाऊ शकतो, म्हणून नुसतं बघत बसणं मला पटत नाही. मग उरलेली ग्रंथीही काढायची का, रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध) द्यायचं का, ते रिपोर्ट बघून ठरतं. मेड्युलरी आणि ॲनाप्लास्टिक हे थायरॉइड कॅन्सरचे दोन प्रकार विरळ, नेटवर वाचून त्यांच्या काळजीनं रात्र जागू नका, तुमच्या रिपोर्टात ते नाहीत. अर्धी काढल्यावर साधारण पाचातल्या एकीला पुढे थायरॉइड हार्मोनची गोळी लागते, बाकीच्यांची अर्धी थायरॉइड पुरते.

आवाजाचा प्रश्न मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, बहुतेकदा काही महिन्यांत परत येतो पण नेहमीच येतो असं नाही. आणखी एक बारीक नस वरच्या टोकाजवळून जाते, ती दुखावली तर बोलणं नॉर्मल राहतं पण तार सप्तकातला स्वर लागत नाही, आणि गाणाऱ्या बाईशिवाय कुणाच्या ते लक्षातही येत नाही. तेव्हा ऑपरेशनआधी दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या, आणि सर्जनना आधीच सांगा, मी गाते म्हणून.