ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर 'पर्सनल' कसा?

एका भावानं विचारलंय की आमच्या ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर तर अख्ख्या गावाचा, मग बिलावर त्याला पर्सनल कॉम्प्युटर काहून लिहिलं?

प्रश्न एकदम बरोबर आहे भाऊ. आपण 'पर्सनल गाडी' म्हणतो तेव्हा मालकी पाहतो, 'पर्सनल गोष्ट' म्हणजे खाजगी, आणि मराठीत वैयक्तिक म्हणावं तर वैयक्तिक विहिरीची योजना डोळ्यापुढं येते, तिथंही सातबारा कोणाच्या नावावर तेच पाहतात. कॉम्प्युटरच्या नावात मात्र मालकीचा संबंधच नाही. एका वेळी एकच माणूस पूर्ण मशीन घेऊन बसतो, मधात दुसरा कोणी चालवणारा नसतो, एवढाच त्या पर्सनलचा अर्थ.

हे नाव पडायच्या आधी मोठ्या मशीनवर काम कसं चालायचं ते पाहा. भोकं पाडून कामाच्या सूचना नोंदवलेल्या कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडं द्यायचा, तो आपला नंबर आला की चढवणार, आणि उत्तराचा कागद मिळेपर्यंत आपण वाट पाहायची, चूक निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. नंतर एकाच मशीनला बरेच टर्मिनल, म्हणजे टाइप करायची अन् उत्तर पाहायची साधनं, जोडून वेळ वाटून द्यायला लागले, पण मशीन एकच, सामायिक. १९७५ मध्ये अल्टेअर ८८०० नावाचा छोटा कॉम्प्युटर आला, तो बहुतेकांनी सुटे भाग मागवून घरीच जोडला, आणि १९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट, टीआरएस-८० हे तयार मिळायला लागले.

आपल्याकडची दमणी घ्या. बंडी कापसाच्या गाठोड्यांसाठी, दमणी माणसं न्यायला, हलकी. शेजाऱ्यानं लग्नाला मागून नेली म्हणून ती बंडी होत नाही ना, कारण नाव घडणीवरून पडलं, मालकावरून नाही. तसंच पंचायतीतला ऑपरेटर पोरगा नमुना ८ चा उतारा काढतो तेव्हा कीबोर्ड, माऊस, पडदा, प्रिंटर सगळं त्याच्या एकट्याच्या हाताखाली असतं, तो उठला की ग्रामसेवक बसतात अन् मग ते सगळं त्यांचं. ज्या सर्व्हरवरून ती माहिती येते तो मात्र एकाच वेळी हजार जणांचं काम करतो, म्हणून तो पर्सनल नाही.

म्हणून मी तरी 'वैयक्तिक संगणक' चालवून घेईन, 'खाजगी संगणक' नको, त्यानं अर्थच फिरतो.

'पीसी', म्हणजे पर्सनल कॉम्प्युटरचं आखूड नाव, त्याचं आणखी वेगळं आहे. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीनं आपल्या मशीनचं नावच पर्सनल कॉम्प्युटर ठेवलं, मग दुसऱ्या कंपन्यांनी त्याच धर्तीचे काढले आणि पीसी म्हणजे त्या घराण्यातला असा अर्थ रुळला, म्हणूनच लोक 'मॅक की पीसी' विचारतात, खरं तर मॅक म्हणजे ॲपल कंपनीचा कॉम्प्युटर, तोही पर्सनलच. आणि तालुक्याला दुकानदार 'लॅपटॉप दाखवू का पीसी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात टेबलावरचा डबा असतो, पण लॅपटॉपही तेवढाच पर्सनल आहे.