कोणतं शहर ते मला नका विचारू

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांत गेल्या काही वर्षांत एक तक्रार वाढली आहे. परदेशी जायचं हे दोघांचं नक्की असतं, कागदपत्रंही पुढे सरकलेली असतात. पण नेमकं कोणत्या शहरात राहायचं यावर घोडं अडतं आणि त्यापायी घरातलं बोलणं बंद होतं. ‘मॅडम, चुकीच्या जागी जाऊन पडलो तर मुलांचं काय?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आज एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं घेत नाही.

कुटुंब नाशिकचं. तो सिव्हिल इंजिनिअर, वय ३८. ती अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. थोरली मुलगी सातवीत, आईच्याच शाळेत. दोघी एकाच स्कूटीवर जायच्या. धाकटा पहिलीत. त्याची आई त्यांच्याजवळ राहणारी, भाऊ आणि बहीण दोघंही नाशकातच.

पहिल्या दिवशी तो लॅपटॉप उघडूनच बसला. एक्सेलमध्ये उभी शहरं, आडवे निकष: घरभाडं, पगार, हवा, शाळा, भारतीय लोक. प्रत्येकाला गुण दिलेले. घाई असण्याचं कारणही खरं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यानं त्याला नामांकन दिलं होतं आणि ४९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी अर्ज करण्याचं आमंत्रण आलं होतं. आमंत्रणापासून ६० दिवसांत अर्ज करावा लागतो. त्यातले १९ उलटले होते. हे सोडून द्यावं तर दीड वर्षात चाळिशी, आणि तिथल्या गुणपद्धतीत ३३ ते ३९ वयाला २५ गुण मिळतात, चाळिशीला १५ च.

४९१ चा व्हिसा पाच वर्षांचा असतो, पण राहायचं आणि काम करायचं ते सरकारनं ‘रीजनल’ ठरवलेल्या भागातच. त्यात ॲडलेड आणि पर्थसारखी मोठी शहरंही येतात. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन येत नाहीत. किमान तीन वर्षं तो व्हिसा हातात असला आणि तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न तिथल्या करखात्याकडे लागलं, की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. अडचण अशी की त्याचा कॉलेजपासूनचा जिवलग मित्र मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटमध्ये. तिथे भारतीय किराणा, गणपती, मराठी माणसं, सगळं हाताशी. म्हणून याचा बेत असा: ॲडलेडला तीन वर्षं काढायची, मग मेलबर्न गाठायचं. थोरलीची दहावी नाशकातच होऊ द्यायची. तोवर तो एकटा पुढे, बाकीचे मागाहून.

कागदावर बेत चोख होता. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, ‘ह्यांना योग्य वाटेल ते. मला कुठंही चालेल.’

‘मला कुठंही चालेल’ या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. ज्याला खरंच कुठंही चालतं तो असं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून म्हणत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, मला कुठं नकोय ते विचारलंच नाही कुणी.

अशा वेळी मी शहरांची चर्चा बंद करते आणि घरी एक काम देते. जुलैमधला एक बुधवार लिहा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, तासातासानं, प्रत्येकानं आपापला. जुलै एवढ्यासाठी की तिकडे तेव्हा हिवाळा; ॲडलेडला दुपारीही पंधरा-सोळा अंश, पाऊस थंडीतच पडणारा आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळणारा. बुधवार एवढ्यासाठी की त्या दिवशी ना बीच, ना मित्राकडे जेवण. माणसं शहर निवडताना रविवार डोळ्यांपुढे ठेवतात. तिथे राहावं मात्र बुधवारी लागतं.

पुढच्या खेपेला त्याचा कागद गच्च भरलेला होता. साइट, मीटिंग, जिम, मित्राला फोन. तिच्या कागदावर सकाळी सहा ते पावणेनऊ बारीक अक्षरात सगळं होतं: डबे, धाकट्याची अंघोळ, शाळेत सोडणं. मग तीन वाजेपर्यंत कोरं. पेन टेकवल्याचे ठिपके होते, शब्द नव्हता.

तो बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्याशी एकटीशी बोलले.

तिनं तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली होती, मग मान्यतेसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा. कायम झाली त्या दिवशी तिच्या वडिलांनी दिंडोरीला पेढे वाटले होते. ती नोकरी सोडायची, आणि त्याबद्दल घरात एकदाही वेगळं बोलणं झालेलं नव्हतं. एक्सेलमध्ये तिच्या कामाचा रकानाच नव्हता. ऑस्ट्रेलियात गणिताच्या शिक्षकांची टंचाई आहे हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. पात्रता तपासून घ्यायला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं आणि बोलणं या दोन्हींत ८ लागतात, हेही. कोणाला न सांगता तिनं फोनवर सराव परीक्षा दिली होती आणि मग ते ॲप काढून टाकलं होतं. ‘आयुष्यभर मराठी माध्यमात शिकवलं हो मॅडम. मला समीकरण सोडवता येतं, पण ते इंग्रजीत गप्पा मारल्यासारखं बोलायचं...’

तिला ॲडलेडही नको नव्हतं आणि मेलबर्नही. तिला तिथली बिनकामाची बाई व्हायचं नव्हतं. हे एकदा उघड बोलल्यावर शहराचा प्रश्न निम्मा हलका झाला. शिक्षकांची नोंदणी तिकडे राज्याराज्याची वेगळी असते. म्हणजे जिथे राहायचं तिथलीच तयारी आजपासून करायची. तीन वर्षांनी पुन्हा सगळं हलवायचं असेल तर तिचा जम बसता बसता उठायची वेळ येणार.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या दोन्ही भेटींत मी थोरलीला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. ती शांत होती, फोनवर काहीतरी बघत होती, आणि ‘तिला कल्पना आहे, ती खूश आहे’ या आईवडिलांच्या शब्दावर मी विसंबले. तेरा वर्षांची मुलगी शांत आहे एवढ्यावरून तिचं ठीक आहे असं मी धरायला नको होतं. तिसऱ्या भेटीत तिला आत बोलावलं. बुधवार तिनंही लिहून आणला होता, चौकडीच्या वहीचं पान. बहुतेक तास भरलेले. दुपारच्या सुट्टीपुढे लिहिलं होतं: ‘डबा. कुठे बसून? कोणाबरोबर?’

मी विचारलं, ‘तुला कोणतं शहर आवडेल?’

‘कोणतं शहर ते मला नका विचारू. मला दोन्ही माहीत नाहीत.’ मग बापाकडे न बघता म्हणाली, ‘फक्त दोनदा नको. एकदाच शाळा बदला.’

माझ्या मते त्या खोलीत बोललेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं. मोठी माणसं पहिल्या शहराला ‘तात्पुरतं’ म्हणतात, म्हणजे त्यांना धीर येतो. मुलाला तात्पुरतं राहता येत नाही. ते मैत्रीण करतं किंवा करत नाही. दोन वर्षांनी निघायचंच आहे हे ठाऊक असलेली मुलं मैत्री करायचीच टाळतात, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे. एका कुटुंबानं तर चार वर्षांत तीन गावं बदलली. त्यांच्या मुलानं शेवटच्या शाळेत दप्तराला नावाचं लेबलसुद्धा लावू दिलं नाही.

मग आम्ही एक्सेल मिटवलं आणि कागदावर फक्त थोरलीची इयत्ता आखली. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. व्हिसा यायला वर्ष-सव्वा वर्ष धरलं तर सगळे एकत्र गेल्यास ती तिकडच्या नववीला लागणार. अकरावी-बारावी मिळून राज्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते राज्यागणिक वेगळं: दक्षिण ऑस्ट्रेलियात एसएसीई, व्हिक्टोरियात व्हीसीई. अधल्यामधल्या वर्षी राज्य बदललं तर विषय जुळवताना मुलाची फरफट होते. नववीला पोचली तर बारावीपर्यंत चार वर्षं एकाच शाळेत. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणारा क्रमांक, एटार, देशभर चालतो. पुढे तिला मेलबर्नलाच शिकायचं असेल तर तेव्हा ती स्वतः जाईल.

आणि दहावी? मराठी घरात दहावीचं गुणपत्रक हातात असल्याशिवाय कुणाला सुरक्षित वाटत नाही, ते मी समजू शकते. पण दहावी करून गेली तर ती थेट अकरावीच्या तोंडाशी पोचणार. नवा देश, नवे उच्चार, नवी थंडी, आणि लगेच निकालाला धरले जाणारे गुण. शिवाय बाप दोन-अडीच वर्षं एकटा. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या अनुभवात दहावीनंतर नेण्यापेक्षा आठवीनंतर नेलेली मुलं लवकर रुजतात. सातवी-आठवीतल्या मुलाला नवीन वर्गात वर्षभर नुसतं चाचपडायची मुभा असते. अकरावीत ती नसते.

पैशाचीही एक बाजू निघाली, जी त्यांनी धरलीच नव्हती. ४९१ हा तात्पुरता व्हिसा. तो असताना मूल विद्यापीठात गेलं तर साधारणपणे परदेशी विद्यार्थ्याची फी बसते, स्थानिकांच्या कितीतरी पट. म्हणजे ‘आता राहू दे, दहावीनंतर नव्यानं अर्ज करू’ हा पर्याय वाटतो तितका बिनखर्चाचा नव्हता. मी समुपदेशक आहे, व्हिसाची तज्ज्ञ नाही. म्हणून हे सगळं ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटकडून लेखी तपासून घ्या असं सांगितलं आणि त्यांनी ते घेतलं.

त्याच एजंटकडून त्याला एक धक्का बसला. ‘बस्तान बसलं की आईला कायमचं नेईन’ हे त्यानं मनाशी धरलेलं होतं. आईवडिलांच्या कायमच्या व्हिसासाठी तिकडे अट असते: निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी असावीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त असावीत. तीन भावंडांतला हा एकटा जाणार. अट पुरी होत नाही. आई येऊ शकेल ती तात्पुरत्या व्हिसावर, राहून परत.

त्या भेटीत तो प्रथमच रडला. मेलबर्नचा मित्र एवढा का हवा होता तेही तेव्हा कळलं. आईला सोडून जाण्याची टोचणी होती, आणि निदान एक तरी जुनं माणूस जवळ असावं असं त्याला वाटत होतं. मित्र म्हणजे आधार हे मी नाकारत नाही. पण एका मित्राच्या भरवशावर शहर निवडलेल्यांना मी सावध करते. पहिले पंधरा दिवस त्याचं घर आपलं असतं, मग त्याला त्याचा बुधवार असतो. आणि तोही उद्या नोकरीसाठी गाव बदलू शकतो.

घड्याळाचा विचार मात्र जरूर करा. ॲडलेड आपल्यापेक्षा तिकडच्या हिवाळ्यात ४ तास पुढे, तिकडच्या उन्हाळ्यात ५. म्हणजे तिकडे रात्री आठला जेवणं आटोपली की नाशकात दुपारचे चार, आजीच्या चहाची वेळ. टोरंटो साडेनऊ-साडेदहा तास मागे असतं. तिथल्या एका मुलानं मला सांगितलं होतं की आईशी बोलताना दोघांपैकी एक जण नेहमी झोपेत असतो.

शेवटच्या भेटीला ४४ वा दिवस होता. या वेळी ॲडलेडबद्दल माहिती बायकोनं काढून आणली होती. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं. ॲडलेड आपल्या उपनगरांसह चौदा लाखांच्या आसपास. मेलबर्न पन्नास लाखांच्या घरात. ‘म्हणजे गाव आपल्याएवढंच आहे,’ ती म्हणाली. आणि तासाभरावर बरोसा खोरं, मैलच्या मैल द्राक्षबागा. तिच्या माहेरी दिंडोरीला बागच आहे. तिनं फोनवर मला फोटो दाखवला आणि तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘हा मांडव बघा, आमच्यापेक्षा बुटका आहे.’ इतक्या भेटींत तिनं स्वतःहून काही दाखवलं ते हेच.

अर्ज त्यांनी ॲडलेडसाठीच केला, पण ‘मग मेलबर्न’ हे पोटातून काढून. चौघं एकत्र जायचं. आधी थोरलीची सरकारी शाळा ठरवायची, मग तिच्या हद्दीत घर. तिकडे पत्ता ज्या हद्दीत त्या शाळेवर हक्क, म्हणून मित्र सांगेल त्या गल्लीत घर बघायचं नाही. तिनं नोकरीचा राजीनामा न देता बिनपगारी रजेचा अर्ज टाकायचा आणि रोज एक तास इंग्रजी बोलण्याचा सराव, त्या तासात धाकट्याला तो बघणार. आईच्या तपासण्यांची जबाबदारी भावंडांनी वाटून घ्यायची, खर्चासकट, आणि ते बोलणं जाण्याआधी समोरासमोर.

जाऊन त्यांना आता दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात चार वाजता तिचा फोन आला. आयईएलटीएसमध्ये बोलण्याला पुन्हा साडेसात. अर्ध्या गुणासाठी तिसऱ्यांदा बसणार आहे. सध्या एका शाळेत मदतनीस म्हणून आठवड्याचे तीन दिवस जाते. घर आतून फार गार पडतं, आजी दोन महिने राहून गेली ती स्वेटर घालूनच, आणि तिच्या गुडघ्यांवरून भावंडांत एकदा खडाजंगी झाली. थोरली कुठे आहे विचारलं, तर नेटबॉलच्या सरावाला गेलेली. तिथून आणायला बस नाही, नवऱ्याला यायला उशीर होतो, म्हणून स्कूटी चालवणारी ही आता चारचाकी शिकते आहे. परीक्षा पुढच्या मंगळवारी आहे.