स्तनातली गाठ 'साधी' म्हणून सोडली, आठ महिन्यांनी कॅन्सर निघाला. दावा टिकेल का?

तुमचा प्रश्न असा: आईच्या स्तनात गाठ लागत होती, मॅमोग्राफी नॉर्मल आली म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं, आठ महिन्यांनी कॅन्सर निघाला. दावा करता येईल का आणि भरपाई किती मिळेल?

करता येईल. टिकण्याची गोष्ट निराळी.

हाताला गाठ लागत असेल तर नुसत्या नॉर्मल मॅमोग्राफीवर विसंबता येत नाही. दाट स्तनात गाठ त्या फोटोत लपून जाते. म्हणून हाताने तपासणी, सोनोग्राफीसह फोटो आणि सुईची तपासणी या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. फोटो संशयास्पद आणि सुईचा रिपोर्ट साधा असेल, तर पुन्हा सुई घालायची, रिपोर्ट बघून निश्वास सोडायचा नाही. एफएनएसीच्या (बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर 'नमुना अपुरा' लिहिलेलं असतं आणि पुढचा माणूस ते 'कॅन्सर नाही' असं वाचतो, हेही नेहमीचंच. तुमच्या आईची सोनोग्राफीसुद्धा झाली नसेल, तर निष्काळजीपणा दाखवणं फारसं अवघड नाही.

वकील इथेच खूश होतात, आणि त्यांच्याशी माझं जुनं भांडण इथेच आहे. डॉक्टर चुकला हे सिद्ध करण्यात ते सगळी ताकद घालतात. समोरचा वकील शांतपणे एकच प्रश्न विचारतो: तेव्हाच निदान झालं असतं तर काय वेगळं झालं असतं? त्यावर आमच्या, म्हणजे दावा करणाऱ्यांच्या बाजूला शांतता.

२००५ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टात, हेच झालं. काखेतली गाठ डॉक्टरने चरबीची म्हणून सोडली, निदान नऊ महिने लांबलं, निघाला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टरची चूक कोर्टाने मान्य केली. बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली, हेही मांडलं गेलं. तरी दावा ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळला गेला, कारण शक्यता मुळातच निम्म्याहून कमी होती. उलट अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच फुप्फुसाच्या कॅन्सरच्या खटल्यात ३९ वरून २५ टक्क्यांवर आलेली शक्यता हे नुकसान धरून खटला पुढे चालू दिला. तुमचं कोर्ट कोणत्या वाटेने जातं ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. ठाम उत्तर आलं नाही तर वकील बदला.

आता हिशोब. गाठीचा व्यास दुप्पट व्हायला तिचं घनफळ आठपट व्हावं लागतं, म्हणजे तीनदा दुप्पट. समजा आज गाठ ३.४ सेंमी आहे आणि घनफळ दर १०० दिवसांनी दुप्पट होतंय. आठ महिन्यांपूर्वी, म्हणजे २४० दिवस मागे, ती सुमारे २ सेंमी भरते. कॅन्सरच्या गाठीच्या आकाराचे टप्पे असतात: २ सेंमीपर्यंत टी-१, त्यापुढे टी-२, म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर उंबऱ्यावर. पण वेग २०० दिवसांचा धरला तर गाठ तेव्हाही २.६ सेंमी होती, तेव्हाही टी-२च, आणि दाव्यातली निम्मी हवा गेली. समोरचे तज्ज्ञ नेमका हाच हळू वेग धरतात. मी हा हिशोब अंदाजावर सोडत नाही. गाठीचं माप असलेले वेगवेगळ्या तारखांचे दोन फोटो मिळाले तर तिचा खरा वेग काढता येतो. कॅन्सर काखेत पसरून झालेल्या गाठींना मात्र हे गणित लागू होत नाही. त्या तेव्हा होत्या की नव्हत्या, हे मागे मोजून कळत नाही.

म्हणून आधी पुरावा गोळा करा. मॅमोग्राफीची छापील फिल्म किंवा मोबाइलवरचा फोटो नको, डायकॉम (वैद्यकीय फोटोंची मूळ डिजिटल फाइल) स्वरूपातली मूळ इमेज सीडीवर मागा. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा) आणि स्लाइड जपून ठेवा, असं लॅबला लेखी कळवा. ब्लॉकमधून नवी स्लाइड कापता येते. एफएनएसीच्या स्मिअरला (काचेवर पसरलेल्या पेशींना) मात्र सहसा ब्लॉक नसतो. ती काच फुटली की पुरावा संपला, म्हणून ती पोच घेतल्याशिवाय कुणालाही द्यायची नाही, वकिलालासुद्धा. नव्या चाचण्यांसाठी ब्लॉक देताना थोडा ऊतक शिल्लक ठेवायला सांगा. रुग्णालयाची नोंद संगणकावर असेल तर ती कधी आणि कुणी बदलली त्याचा लॉगही मागा.

तज्ज्ञाला जुनी फिल्म दाखवताना 'इथे पुढे कॅन्सर निघाला' हे आधी सांगू नका. सांगितलं की प्रत्येकाला तिथे डाग दिसायला लागतो आणि उलटतपासणीत ते मत कोसळतं. दुसऱ्या दहा फिल्ममध्ये मिसळून द्या. वकिलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

भरपाईचा आकडा मी सांगणार नाही. तो आयुष्यमानापेक्षा उपचार किती वाढले यावर जास्त ठरतो: गाठ काढून भागलं असतं तिथे पूर्ण स्तन काढावा लागला का, केमो टळली असती का. बिलं आणि ऑपरेशनच्या नोंदी तारखेनिशी लावून ठेवा.

आणि हो, पहिल्या कागदावर 'सहा आठवड्यांनी दाखवा' असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही गेला नसाल, तर वरचं बरंचसं विसरा. मुदतही बघा. भारतात ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षं आहेत, इंग्लंडमध्ये ३. ती कोणत्या तारखेपासून मोजायची यावर वाद होतो, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. दाव्यासाठी आईचे उपचार मात्र एक दिवसही थांबवायचे नाहीत.