आडनावातला कारकून

प्रश्न : आमचं आडनाव पारसनीस. मित्र विचारतात, घरात परीस आहे का? खरा अर्थ काय?
– एक वाचक

उत्तर : परीस असता तर तुम्ही मला पत्र कशाला लिहिलं असतं! पारसनीस म्हणजे दरबारात फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. शेवटचं 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस, फडणीस त्याच घरातले. पोतनीस म्हणजे धान्याची पोती मोजणारा, असं मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होतो! तिथलं 'पोतं' म्हणजे सरकारी खजिना. हुद्दा आडनावाला कसा गिळतो ते नाना फडणवीसांकडे (१७४२–१८००) पाहा. मूळचे ते भानू. पण 'नाना भानू' म्हटलं तर चटकन कोण ओळखेल?